उष्टी हळद

"मान वर कर. अजून. आता हलू नगंस," आई म्हणाली आणि बोटावर घेतलेला खार तिनं माझ्या उजव्या गालावर चोळायला सुरुवात केली.

तासगावच्या मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली होती ती. आतून कडी लावलेली, खिडकीला चादर बांधलेली. बाहेर सनईची कॅसेट मधूनच अडखळत होती आणि आचारी कुणावर तरी ओरडत होता. दुपारी माझं लग्न होतं.

"आई, आज तरी नको. आग होतीया."

"होऊ दे. आग झाली म्हंजेच काळं सुटतंय. हा शेवटचा हात. परत तुला लावणार न्हाई."

"मग धुऊन टाकू?"

"आता काय धुतीस? धुतलंस की डाग उघडे पडतील, आणि नवऱ्याकडच्या बाया दारात उभ्या राहतील. हळद झाली की न्हायचंच हाय. तवा जाईल सगळं." तिनं कोरड्या फडक्यानं वरवर पुसलं आणि त्यावर पावडरचा थर थापला. "हळदीत काय, सगळ्याच पिवळ्या. एवढी दोन घटका निभावली की तू त्यांची झालीस. मग बघू दे त्यांना काय बघायचं ते."

खार म्हणजे पापडखार. आमच्या घरी तो मिठासारखा हाताशी असायचा. वडील गेल्यापासून आई उडदाचे पापड करून विकत होती, आणि तिचा खारावर देवापेक्षा जास्त विश्वास होता. करपलेलं पातेलं, कळकट तवा, मोरीची फरशी, सगळ्याला तिचं एकच औषध. माझ्या तोंडावर वांग उठले तेव्हा तिनं शेजारणीला सांगितलं होतं, "करपलेलं पातेलं निघतंय, मग हिचं तोंड काय पातेल्यापरास काळं हाय व्हय?" दोघी पोट धरून हसल्या होत्या. मीही हसले होते. घरात हसण्यावारी न्यायची सवय मला लवकर लागली.

वांग उठले ते गच्चीवर. पापड वाळवायचं काम माझं होतं. उन्हाळाभर डोक्यावर ओला पंचा घेऊन मी गच्चीवर पापड पसरायची, उलटायची, कावळे हाकलायची. धाकटी जयू खाली सावलीत लाटायला बसायची. "ती गोरी हाय, तिला उन्हात नगं," असं आई म्हणायची, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. आधी नाकाच्या शेंड्यावर एक तपकिरी ठिपका आला, मग दोन्ही गालांवर पसरला, मग कपाळावर नकाशा उमटला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाहून सांगितलं, "उन्हात जाऊ नका, बाकी हळूहळू कमी होईल." आई तिथंच म्हणाली, "मग पापड काय दिव्याखाली वाळवू?" त्यांनी लिहून दिलेली ट्यूब आम्ही आणलीच नाही. घरात खार असताना पैसे कशाला घालवायचे?

खार लावला की कातडी तांबडी व्हायची, सालपटं निघायची, आणि खालून पहिल्यापेक्षा गडद डाग वर यायचा. आई म्हणायची, "बघ, वर यायला लागलाय. वर आला म्हंजे जाणार."

मला बघायला आले तेव्हा आईनं संध्याकाळची वेळ मागून घेतली होती. पार्लरवालीनं बोटभर थर दिला होता आणि खोलीत एकच पिवळा बल्ब होता. मुलगा विलास तोडकर. सांगलीला त्यांचा हळदीचा धंदा, पॉलिश आणि दळण दोन्ही. विलासची आई तो लहान असतानाच गेलेली. त्याला वाढवलं थोरल्या काकूनं. तिला सगळे अक्का म्हणायचे. घर तिचं, गिरणी तिच्या नवऱ्याची, आणि शब्दही तिचाच. बल्बच्या उजेडात तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "सावळी हाय, पर नितळ हाय." आई आत येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेली.

नितळ! तो शब्द मला झोपू देईना. मी फसवून त्या घरात जाणार आणि पहिल्याच सकाळी तोंड धुऊन सगळ्यांसमोर उभी राहणार. काय होईल, हे न कळण्याएवढी मी खुळी नव्हते.

म्हणून मी विलासला सांगून टाकलं.

साखरपुड्यानंतर तो तासगावच्या बाजारात हळद पोचवायला आला होता. जयू त्याला दिसली. त्यानं तिच्याकडून निरोप दिला, ताईंना घेऊन गणपतीला येता का? आई आम्हाला देवळात दोघींनाच सोडायची, एकटीला नाही. दर्शन झाल्यावर आम्ही तिघं पलीकडच्या रसवंतीत बसलो. बैल नव्हता, इंजिन होतं, त्याच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"मला तुम्हाला एक दाखवायचंय," मी म्हणाले.

"दाखवा की."

मी रुमाल पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि गाल पुसला. मग दुसरा. मग कपाळ. रुमाल मातकट झाला. विलास पुढे वाकून बघत होता. जयू ग्लास तोंडाला लावून बघत होती.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच म्हणजे? हे जात नाही. खूप केलं."

"मला वाटलं काय सांगताय आता. कुणावर जीव हाय म्हणताय का काय!"

जयू फिसकन हसली. रस तिच्या नाकात गेला आणि ती खोकत सुटली. आम्हीही हसलो.

"तुमच्या अक्कांना?" मी विचारलं.

"त्यांना मी सांगतो. माझ्यावर सोडा." त्यानं ग्लास रिकामा केला. "आमच्यात समदीच पिवळी असत्यात. कुणाचा रंग कुणाला कळतोय?"

परत येताना मी तोंडाला पुन्हा काही लावलं नाही. भर बाजारातून तशीच चालत आले. जयू माझा हात धरून म्हणाली, "ताई, लई चांगला हाय गं."

"आईला यातलं काही बोलू नकोस."

"बोलतीय होय!"

ती बोललीही नाही. मीही नाही. लग्नाआधी मुलाला भेटून स्वतःच तोंड उघडं करून दाखवलं, असं आईला कळलं असतं तर तिनं लाटणं माझ्या पाठीत मोडलं असतं. म्हणून मी खार लावून घेत राहिले. ज्याला कळायला हवं त्याला कळलं होतं. मग आईचं समाधान आईला, असा माझा हिशेब होता. आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाकडे जायचं होतं. त्या घरातून, त्या गच्चीवरून कायमचं निघून त्याच माणसाकडे जायचं होतं, ज्यानं माझं तोंड बघून 'एवढंच?' म्हटलं.

दारावर थाप पडली. आईनं खाराची डबी कपड्यांच्या पिशवीत खुपसली आणि कडी काढली.

जयू होती. हातात फुलांचं ताट, केसांत अबोली. "आई, उष्टी हळद आली."

नवऱ्याला लागलेल्या हळदीतली उरलेली हळद नवरीला लावायची, ती उष्टी हळद. ती नवऱ्याकडच्या सवाष्णींनी आणायची आणि नवरीनं मान खाली घालून लावून घ्यायची. तिला नाही म्हणता येत नाही. वाटी घेऊन सगळ्यांत पुढे अक्का होती. हिरवी साडी, हातभर चुडा, दंड हळदीनं भरलेले. मागून त्यांच्या बाया गाणी म्हणत आल्या. खोली भरून गेली. कुणीतरी म्हणालं, अंधार किती, आणि खिडकीची चादर ओढून काढली.

मला पाटावर बसवलं. आई घाईघाईनं पुढे झाली आणि वाटीकडे हात नेला. "मी लावते पहिली. आईचा मान."

"आईचा मान खरा, पर ही हळद सवाष्णीनंच लावायची," अक्का म्हणाली. "उष्टी आमची. तुमी सरा."

तिनं आंब्याचं पान वाटीत बुडवलं. आधी पावलं, मग गुडघे, मग हात, मग खांदे. हळद गार होती, गुलाबपाण्यात कालवलेली. मला एकदम बरं वाटलं. मनात आलं, ही थोड्या वेळापूर्वी त्याच्या अंगावर होती. मी डोळे मिटले. पानाचं टोक माझ्या उजव्या गालावरून फिरलं, मग डाव्या, मग कपाळावर.

गाणं थांबलं.

आधी पुढच्या बाया थांबल्या, मग मागच्या. मी डोळे उघडले. अक्का पान हातात धरून माझ्याकडे बघत होती. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, रक्त!"

मी गालाला हात लावला. बोटं लाल झाली. रक्तासारखी नाही, कुंकवासारखी. पावलं पिवळी होती, हात पिवळे होते, आणि तोंडावर जिथं जिथं वांग होते तिथं तिथं हळद लालभडक झाली होती. जिथं डाग नव्हता तिथं पिवळी. आईनं खार बरोबर डागांपुरताच लावला होता, तिचा हात मोठा नेमका. आमच्या पापडात हळद कधी पडत नव्हती, त्यामुळे एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यातच आली नाही.

अक्काच्या मात्र आली. तिनं माझ्या गालावरची हळद बोटावर घेतली, चिमटीत चोळली, हुंगली आणि जिभेच्या टोकाला लावून थुंकली.

"खार हाय ह्यो," ती म्हणाली. "पाणी आणा कुणीतरी."

"अहो, काय न्हाई, उन्हानं जरा..." आई पुढे झाली.

"तुमी गप ऱ्हावा."

पाणी आलं. अक्कानं पंचा भिजवला आणि एका हातानं माझी हनुवटी धरून दुसऱ्या हातानं माझं तोंड पुसलं. भांडं घासावं तसं. मग हनुवटी खिडकीकडे वळवली. बाहेर स्वच्छ ऊन होतं.

"या गं, या. बघून घ्या," तिनं आपल्या बायांना बोलावलं. "मागनं म्हणू नका अक्कानं दाखवलं न्हाई."

त्या एकामागून एक आल्या. वाकून बघून गेल्या. एकीनं बोट लावून पाहिलं. एक तरणी बाई म्हणाली, "भाजलंय का काय हो?" दुसरी म्हणाली, "पोटातला रोग असंल." अक्कानं माझी हनुवटी सोडली नाही. नंतर कितीतरी दिवस तिथं तिच्या अंगठ्याचा वळ होता.

"उन्हाचं हाय हो," आई रडत म्हणाली. "पोरगी कष्टाळू हाय. आठ दिवस सावलीत ऱ्हायली की जातंय."

"हळदीत खार घालून कुंकू करत्यात," अक्का म्हणाली. "तुमी पोरीच्या तोंडाचंच कुंकू केलंसा. आणि मी त्या दिवशी हिला नितळ म्हटलं! माझ्या तोंडात शेण घातलंसा तुमी."

एवढं होऊनही मी घाबरले नव्हते. लाज वाटत होती, तोंड भाजत होतं, पण घाबरले नव्हते. कारण मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक आहे.

"त्यांना माहीत आहे," मी म्हणाले.

"कुणाला?"

"त्यांना. मी सांगितलंय. त्यांना बोलवा."

आई माझ्याकडे बघतच राहिली. अक्कानं माझी हनुवटी सोडली. "बोलवा रे त्याला," ती दाराकडे बघून ओरडली.

विलास आला तो बनियनवर, अंगभर हळदीनं माखलेला, गळ्यात टॉवेल. बायांच्या गर्दीत तो दारातच थबकला. त्याच्या मागे माझे मामा होते. वडिलांच्या जागी तेच कन्यादान करणार होते. विलासनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि हसलेसुद्धा. मला वाटलं, आता हा म्हणेल, एवढंच ना? आणि सगळे मोकळे होतील.

"हिच्या तोंडाचं तुला ठावं हुतं का रे?" अक्कानं विचारलं.

तो अक्काकडे बघत होता. तिच्या हातात अजून तो लाल झालेला पंचा होता.

"न्हाई," तो म्हणाला.

"रसवंतीत," मी म्हणाले. "मी रुमालानं पुसून दाखवलं. तुम्ही म्हणालात, एवढंच? म्हणालात, अक्कांना मी सांगतो."

"गेलतास का रसवंतीत?"

"गेलतो. गणपतीला गाठ पडली. रस पिऊन आलो." तो आता जमिनीकडे बघत होता. "ह्यातलं काय न्हाई झालं."

मग आईनं मला मारलं. तोंड अजून ओलं होतं, तिचा हात घसरून कानावर बसला. "कधी गेलतीस? कुणाला विचारून गेलतीस? तोंड दाखवायला गेलतीस आपलं? आपल्या पायानं?" लग्न मोडतंय याचा राग नव्हता तो. मी आपणहून खरं सांगितलं याचा होता. मी अजूनही तिला यासाठी माफ केलेलं नाही.

मामा हात जोडून पुढे आले. जेवण तयार आहे, पाहुणे बसलेत, आमची अब्रू तुमच्या हातात आहे, असं जे जे म्हणायचं असतं ते सगळं ते म्हणाले. अक्का ऐकून घेत होती. मग तिची नजर दाराशी गेली. तिथं जयू ताट घेऊन तशीच उभी होती.

"ती कोण?"

"धाकटी," आई म्हणाली. आणि लगेच डोळे पुसले.

"हिकडं ये गं. ताट ठेव. तोंड धू."

"इथं?" जयूनं विचारलं.

"हितंच. माझ्यासमोर."

कुणीतरी तांब्या धरला. जयूनं खिडकीपाशी वाकून तोंड धुतलं, पदरानं पुसायला गेली तेव्हा अक्कानं तिचा हात धरला आणि स्वतःच पुसलं. हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. बाया पुन्हा जवळ आल्या. या वेळी कुणी काही बोललं नाही.

"हिला तरी खार लावला न्हाई न्हवं?"

"छे हो!" आई म्हणाली. तिच्या आवाजात एकदम हुशारी आली. "ही कधी उन्हात गेलीच न्हाई. मी जाऊच दिली न्हाई तिला."

मामांनी विलासकडे पाहिलं. विलास अक्काकडे बघत होता. अक्का म्हणाली, "जेवण वाया घालवायचं न्हाई, पाहुणं माघारी लावायचं न्हाई. मुहूर्त हाय तोच. ही देत असाल तर बोला. न्हाईतर आमच्या गाड्या दारात हायत."

"देतो की," आई म्हणाली. मामांच्या आधी ती म्हणाली.

"तुझी काय ना न्हाई न्हवं गं?" अक्कानं जयूला विचारलं.

जयूनं तोंड उघडायच्या आत मी पाटावरून उठले. "जयू, तू होतीस तिथं. सांग यांना. तुझ्यासमोर झालं सगळं. तू हसलीस, तुझ्या नाकात रस गेला. सांग ना."

सगळ्या बाया तिच्याकडे वळल्या. विलासनंही मान वर केली. त्याच्या तोंडावरची हळद वाळून तडकली होती आणि तो पहिल्यांदाच घाबरलेला दिसत होता. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढंच तिलाही ठाऊक होतं. तिच्या एका वाक्यानं तो खोटा पडला असता. लग्न झालं असतं की नाही कुणास ठाऊक, पण मी तरी खोटी ठरले नसते. मला तेवढंच हवं होतं. त्या खोलीत एका माणसानं म्हणावं, ही खरं बोलतेय.

जयूच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. तिनं आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं विलासकडे पाहिलं, अगदी क्षणभर.

"ताईनं रुमालानं घाम पुसला," ती म्हणाली. "मी एवढंच बघितलं."

कुणीतरी सुस्कारा सोडला. "घाम पुसला म्हणं, आणि म्हणती दाखवलं," अशी कुजबुज मागे गेली. असं खोटं मला जन्मात सुचलं नसतं. रुमाल तर खराच होता.

"वाटीत हाय अजून," अक्का म्हणाली. "बसीव तिला पाटावर."

मला बाजूला करावं लागलं नाही. मीच सरकले. जयू पाटावर बसली, नवं आंब्याचं पान आलं, गाणं जिथं थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं. पावलं, गुडघे, हात, खांदे, गाल. हळद पिवळी ती पिवळीच राहिली. सोन्यासारखी दिसत होती पोरगी, हे मी कसं नाकारू?

पुढचं सगळं भराभर झालं. मंडपात थर्माकोलच्या अक्षरांत माझं नाव लावलं होतं, ते मामांनी स्वतः खुडून काढलं. नवी अक्षरं करायला वेळ नव्हता, जागा तशीच रिकामी राहिली. भटजींनी फक्त विचारलं, "नाव काय घ्यायचं?" आईनं पाहुण्यांना सांगितलं, मंदाला आदल्या रात्रीपासून फणफणून ताप आहे, मुहूर्त टाळता येत नाही, म्हणून धाकटीचं उरकतोय. कुणी विश्वास ठेवला की नाही, ठाऊक नाही. जेवायला मात्र सगळे बसले.

नवरीला नेसवायला कुणी घरचं हवं. आई मंडपात अडकली होती. म्हणून मीच नेसवलं. माझ्याच मापाचं पोलकं होतं, जयूला सैल होत होतं. मी सुईदोरा घेऊन तिच्या अंगावरच ते आत घेऊ लागले. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"का गं?" मी विचारलं.

ती आरशात बघत होती. "आई बघत होती."

"आई बघत नव्हती. तू त्याच्याकडे बघितलंस."

मी एक टाका घातला, दुसरा घातला.

"तो खोटं बोलला, जयू. तुझ्यासमोर बोलला. माझं राहू दे. उद्या तुझ्याबद्दलही असाच बोलेल."

"बोलंल की," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तशी. "पर तवा मी त्याच्या घरात असन."

तिनं खांदा हलवून बघितला.

"खरं सांगितलं असतं तरी त्यांनी तुला नेलं नसतं, ताई. तुला कळत न्हाई का? तुझं गेलंच हुतं. मग माझं तरी का घालवायचं?" आणि पाठीमागे हात नेऊन चाचपत म्हणाली, "पाठीकडं जरा घट्ट घे. सुटायला नगं."

मी घट्ट घेतलं. चांगलं बसलं पोलकं.

अक्षता पडल्या तेव्हा मी खोलीत होते. आईनं बाहेरून कडी घातली होती. ताप आलेली मुलगी हिंडताना दिसली तर बरं दिसत नाही, म्हणाली. मंगलाष्टकं भिंतीतून ऐकू येत होती. तोंडाची नुसती आग होत होती आणि खोलीत धुवायला पाणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी पाठवणीला मात्र मला बाहेर काढलं. सख्खी थोरली बहीण निरोपालाही आली नाही, असं दिसलं तर बोभाटा झाला असता. डोक्यावरून पदर ओढून, तोंड झाकून आईनं मला दारातल्या गाडीपाशी उभं केलं. मुलगी सासरी निघाली की ती एकेकाच्या गळ्यात पडून रडते आणि उभी असलेली माणसं डोळे पुसतात. जयू मामांच्या गळ्यात पडली, मग आईच्या. आई अशी रडली की तिला दोघींनी धरलं. विलास गाडीच्या दाराशी मुंडावळ्या सावरत उभा होता. माझ्याकडे बघायचं त्यानं कटाक्षानं टाळलं, आणि आजतागायत टाळतो.

शेवटी ती माझ्याकडे आली. माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि हमसून रडायला लागली. खोटं नव्हतं ते रडणं. तिचं सगळं अंग हलत होतं, तिचे अश्रू माझ्या मानेवरून आत जात होते. हीच पोर लहानपणी माझ्या कडेवर झोपायची. मी तशीच काठीसारखी उभी राहिले. मला रडू येईना. सकाळपासून एकदाही आलं नव्हतं.

आजूबाजूच्या बायांची कुजबुज थांबली. सगळ्या आमच्याकडे बघत होत्या, अक्काही. जयूनं तोंड माझ्या कानाशी आणलं. रडता रडताच, हुंदका न तोडता, ती हळूच म्हणाली,

"ताई, रड की गं. माणसं बघायला लागल्यात."

मी रडले. मोठ्यानं रडले, पदर तोंडात कोंबून रडले. डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं तसं कातडं झोंबायला लागलं, आणि मग थांबेचना. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "काही म्हणा, बहिणी-बहिणींचा जीव मोठा." बाकीच्यांनी डोळे पुसले. जयूनं माझ्या गळ्यातले हात सोडवले, पदर सारखा केला आणि गाडीत जाऊन बसली.